पातं जागेवर, लाकूड चालतं

राउटर हे यंत्र मुळात हातात धरून चालवण्यासाठी घडलं. उभी मोटर, तिच्या टोकाला बिट धरणारी कॉलेट, दोन बाजूंना मुठी. फळी शिकंज्यात घट्ट बसवायची आणि फिरतं बिट तिच्या कडेवरून न्यायचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रे कार्टर या साचे बनवणाऱ्या कारागिराने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केस कापायच्या विजेच्या यंत्रातला एक गिअर घासून त्याचं पातं केलं आणि ते मोटरच्या दांड्यावर चढवलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. 1929 मध्ये कार्टरचा हा व्यवसाय स्टॅनली या हत्यारांच्या कंपनीकडे गेला आणि राउटर सुतारशाळांमधून कारखान्यांत आणि घरोघरच्या कामाच्या खोल्यांत पोचला.

हेच यंत्र उलटं करून टेबलाखाली टांगलं की झालं राउटर टेबल. बिट टेबलाच्या भोकातून वर डोकावतं, मागे एक सरळ उभी आड असते, तिला सगळे फेन्सच म्हणतात, आणि लाकूड तिला टेकवून हाताने सरकवायचं. असं का करायचं? कारण हातातल्या राउटरला बसायला जागा लागते. दीड इंच रुंदीच्या पट्टीवर त्याचा तळ डुगडुगतो आणि डुगडुगलेला राउटर कड खाऊन टाकतो. टेबलावर तीच पट्टी निवांत सरकते. कपाटाच्या झडपांच्या चौकटी, बीडिंग पट्ट्या, खणांच्या कडा, फोटोच्या फ्रेम अशी सारखीच खाच दहा-वीस पट्ट्यांवर उठवायची असली की टेबलाला पर्याय नाही. आपल्याकडे इंटिरियरच्या साइटवर तर अठरा एमएमच्या प्लायला भोक पाडून, खालून राउटर आवळून, तो प्लाय दोन घोड्यांवर टाकलेला सर्रास दिसतो. काम त्यावरही होतं. प्रश्न एवढाच की, यंत्र उलटं केल्यावर आणखी काय काय उलटं झालं, हे चालवणाऱ्याला ठाऊक आहे का.

राउटर टेबलाच्या नियमांची यादी लांबलचक असते आणि पाठ केलेली यादी घाईच्या वेळी हमखास विसरते. माझं मत असं की, ती पाठ करायची गरज नाही. बिट कोणत्या बाजूने फिरतंय आणि लाकडाला कुठे ढकलू पाहतंय, एवढं एक नीट समजलं तर बहुतेक नियम आपोआप सुचतात. आणि दुसरं असं की, सुरक्षित काम आणि देखणं काम या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या चुकीने लाकूड उसळतं, तीच चूक आधी लहान प्रमाणात कडेवर लाटा, काळे डाग आणि उडालेल्या कपच्यांच्या रूपात दिसत असते.

तर दिशा. हातात धरलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. यंत्र उलटं टांगलं की टेबलासमोर उभ्या माणसाला तेच बिट काट्यांच्या उलट फिरताना दिसतं. म्हणजे बिटची आपल्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे पळत असते, उजवी बाजू आपल्यापासून दूर, फेन्सकडे जाते, आणि फेन्सकडची बाजू उजवीकडून डावीकडे. ही तीन वाक्यं एकदा कागदावर गोल आणि बाण काढून समजून घ्यावीत. टेबलावर बिटच्या भोकाशेजारी खडूने तो बाण काढून ठेवला तर आणखी उत्तम.

आता फळीची मागची कड फेन्सला टेकवली आणि बिट फेन्समधून थोडंसं पुढे आलेलं आहे. लाकडाला बिटची आपल्याकडची बाजू लागणार, ती उजवीकडे पळते आहे. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं, म्हणजे ते पात्याच्या विरोधात जाईल. हाताला सतत एक हलका विरोध जाणवेल आणि तो विरोध म्हणजेच आपला ताबा. उलट, डावीकडून उजवीकडे नेलं तर बिट लाकडाला कापण्याऐवजी त्याच्यावर चढून पळतं. रस्त्याला टेकलेल्या मोटारच्या चाकासारखं ते वागतं. फरक इतकाच की चाक जागेवर आहे आणि रस्ता पळून जातो. लाकूड हातातून निसटून उजवीकडे सुटतं. ते कुणाला लागेल हा धोका आहेच, पण त्याहून मोठा धोका असा की, लाकडाला ढकलत असलेला हात अचानक मोकळा होतो आणि पुढच्याच क्षणी बिटवर जातो.

फळीच्या पोटात खोबण पाडताना बिट लाकडात पूर्ण बुडालेलं असतं. तिथे कापण्याचं काम करते ती बिटची उजवी बाजू, कारण लाकूड उजवीकडून येतं. आणि ती बाजू फेन्सकडे जाते आहे. म्हणजे उजवीकडून डावीकडे सरकवलं की बिट स्वतःच फळीला फेन्सवर दाबून धरतं. दिशा चुकली तर तेच बिट फळी फेन्सपासून ओढून काढतं आणि खोबण वाकडी होते. एकाच नियमाने हातही वाचतो आणि खोबणही सरळ येते.

याच हिशेबातून आणखी दोन सापळे ओळखता येतात. पहिला पुष्कळांना माहीत असतो: लाकूड कधीही बिट आणि फेन्स यांच्या मधल्या जागेतून न्यायचं नाही. तिथे लाकडाला बिटची मागची बाजू लागते, ती डावीकडे पळते आणि आपणही लाकूड डावीकडेच ढकलत असतो. पट्टी बाणासारखी सुटते. एखादी पट्टी नेमक्या रुंदीची करून घ्यायचा मोह इथे होतो. त्या कामासाठी करवत आहे.

दुसरा सापळा मात्र अनुभवी सुतारांनाही चकवतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. समजा, अर्ध्या इंचाच्या बिटने खोबण पाडली आणि ती पाऊण इंच करायची आहे. फेन्स थोडा हलवून दुसरी फेरी मारायची. पण कुठे हलवायचा? फेन्स आपल्याकडे, बिटच्या दिशेने आणला, तर आता खोबणीची फेन्सकडची भिंत बिटच्या मागच्या बाजूवर येते. पुन्हा तोच प्रकार: बिट डावीकडे ओढतं, हातही डावीकडे नेतो, फळी झेपावते. फेन्स आपल्यापासून दूर सरकवला, तर खोबणीची आपल्याकडची भिंत बिटच्या पुढच्या बाजूला लागते आणि सगळं सुरळीत होतं. म्हणून रुंद खोबण पाडताना पहिली फेरी फेन्सच्या सर्वांत जवळची घ्यावी आणि मग फेन्स बिटपासून लांब नेत जावं. पहिल्या फेरीत काहीच बिघडत नाही आणि दुसऱ्या फेरीत लाकूड उसळतं, याचं कारण बहुधा हेच असतं.

फेन्सविषयी एक गोष्ट शिकाऊ सुतारांना पटत नाही. करवतीच्या टेबलावर फेन्स पात्याला समांतर हवाच, इथे नको. बिट गोल आहे, त्याला समांतर असं काही नसतं. त्यामुळे फेन्सचं एक टोक बोल्टवर फिरतं ठेवून दुसरं टोक क्लॅम्पने आवळलं तरी पुरतं. याचा एक सुरेख फायदा आहे: बिट दोन टोकांच्या बरोबर मध्ये असेल तर सुटं टोक 1 मिलिमीटर हलवल्यावर बिटपाशी फेन्स अर्धा मिलिमीटरच हलतो. महागड्या स्क्रूवाल्या फेन्सशिवाय बारीक जुळणी होते.

टेबलाच्या वरच्या पृष्ठभागावर मात्र कंजूषी करू नये. अठरा एमएमचे दोन प्लाय चिकटवून दोन्ही अंगांना मायका लावावा. एकाच अंगाला लावला तर फळा वाकतो. राउटर ज्या पट्टीवर आवळलेला असतो ती पट्टी टेबलाशी अगदी सपाट हवी. ती केसभर खाली असली तरी पुढे येणारी फळी तिच्या डाव्या काठाला अडते, आणि अडलेली फळी फिरत्या बिटवर थांबते. बिटभोवतीचं भोकही शक्य तितकं लहान असावं. मोठ्या भोकात पट्टीचं टोक खाली झुकतं आणि तिथेच खड्डा पडतो.

आता बिट. आपल्या बाजारात दोन मापांची गल्लत आहे. सुतार सूत मोजतो, आठ सुतांचा इंच, त्यामुळे पाव इंचाच्या दांड्याचं बिट त्याच्यासाठी दोन सुताचं आणि अर्ध्या इंचाचं चार सुताचं. दुसरीकडे 6, 8 आणि 12 मिलिमीटरचे दांडे विकले जातात. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. 6 मिलिमीटरचा दांडा पाव इंचाच्या कॉलेटमध्ये सहज जातो, नट आवळल्यावर घट्टही वाटतो, पण कॉलेटने त्याला सगळीकडून धरलेलं नसतं. काम सुरू झाल्यावर कंपनाने बिट हळूहळू वर सरकतं, खोबण पुढे पुढे खोल होत जाते आणि एका क्षणी बिट सुटतं. 12 आणि 12.7 मध्ये तर फरक आणखी मोठा. मिलिमीटरच्या बिटला मिलिमीटरचीच कॉलेट, इंचाच्या बिटला इंचाची. यात तडजोड नाही.

निवड असेल तर टेबलासाठी जाड दांडा घ्यावा. दांड्याची जाडी दुप्पट झाली की वाकायला त्याचा विरोध 16 पट होतो. पाव इंची दांड्यावर लांब बिट चालवलं की कडेवर बारीक लाटा उठतात, त्या या वाकण्यामुळे. बिट बसवताना ते तळापर्यंत ढकलून मग 2-3 मिलिमीटर वर ओढावं आणि आवळावं. तळाला टेकलेलं बिट आवळताना कॉलेट त्याला खाली ओढू पाहते, जागा मिळत नाही आणि पकड अर्धवट राहते. दांड्याचा निदान तीन-चतुर्थांश भाग कॉलेटमध्ये असावा. हे सगळं करताना प्लग सॉकेटमधून काढलेला असावा. नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही, कारण टेबलाखाली वाकून पाना फिरवताना कोपर कुठे लागेल सांगता येत नाही.

वेगाचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. 12 मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला 24,000 फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची धार सेकंदाला सुमारे 15 मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी 54 किलोमीटर. ठीक आहे. आता झडपेच्या पॅनलच्या कडा उतरत्या करायचं 82 मिलिमीटरचं मोठं बिट त्याच वेगावर चालवा. धार सेकंदाला 103 मीटर जाते, ताशी 370 किलोमीटर. त्या बिटच्या पात्याला बाहेर फेकणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे 10,000 फेऱ्यांच्या तुलनेत 24,000 फेऱ्यांना ते पावणेसहा पट होतं. बिटवरचे कार्बाइडचे तुकडे पोलादावर ब्रेझिंगने जोडलेले असतात. स्वस्त बिटमध्ये तो जोड कसा आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून 1 इंचापर्यंतची बिटं पूर्ण वेगावर, 2 इंचांपर्यंत 18,000 च्या आसपास आणि 3 इंचांच्या पुढे 10 ते 12 हजार, आणि बिटवर कमाल वेग छापलेला असेल तर तोच अंतिम. ज्या राउटरला वेग कमी करायची सोय नाही त्यावर मोठं बिट चढवूच नये. युरोपीय मानकानुसार हाताने लाकूड सरकवण्याच्या कामासाठी बनवलेल्या बिटवर ‘मॅन’ अशी खूण असते. त्यात धारेपुढचं पोलादी अंग इतकं भरलेलं असतं की, पातं एका वेळी 1.1 मिलिमीटरपेक्षा जाड कपची घेऊच शकत नाही, त्यामुळे ओढ लागली तरी ती मर्यादित राहते. दोन पैसे जास्त गेले तरी अशी बिटं घ्यावीत.

लाकडावरचे करपल्याचे डाग वेगाशीच जोडलेले आहेत, पण इथे दोष बहुधा हाताच्या वेगाचा असतो. दोन धारांचं बिट 22,000 फेऱ्यांवर सेकंदाला 700 हून अधिक वेळा लाकूड कापतं. हात मिनिटाला 3 मीटर या चालीने गेला तर प्रत्येक धारेच्या वाट्याला सुमारे 0.07 मिलिमीटर लाकूड येतं. हात रेंगाळला की हा वाटा जवळजवळ शून्य होतो, धार कापायचं सोडून घासायला लागते आणि लाकूड जळतं. म्हणून मधे थांबून हात बदलायची सवय मोडावी. पुढचा हात कुठे ठेवायचा ते आधी ठरवावं आणि यंत्र बंद असतानाच एकदा फळी पूर्ण सरकवून पाहावी. एका फेरीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त लाकूड घेऊ नये आणि शेवटच्या फेरीसाठी अर्धा मिलिमीटर राखून ठेवावा. ती शेवटची हलकी फेरी न थांबता मारली की आधीचे डागही निघून जातात. एवढं करूनही डाग पडतच राहिले तर धार गेली आहे किंवा बिटवर चीक जळून बसला आहे. सागवानात सिलिकाचे कण असतात, ते साध्या पोलादी धारेला लवकर बोथट करतात, म्हणून सागासाठी कार्बाइडच वापरावं. बोथट बिट जास्त जोराने ढकलावं लागतं, आणि जास्त जोर लावलेला हात निसटला की दूर जातो.

सागवानी झडपेचं पॅनल प्रत्यक्ष करताना क्रम असा. चार कडांपैकी ज्या दोन कडांना तंतू आडवे कापलेले आहेत, त्या आधी. बिट बाहेर पडताना तिथल्या कोपऱ्याची कपची उडतेच. मग तंतूंच्या दिशेच्या दोन लांब कडा केल्या की तो उडालेला कोपरा नव्या कापात नाहीसा होतो. क्रम उलटा केला तर उडालेले कोपरे बिघडलेलेच राहतात. चौकटीच्या अरुंद आडव्या पट्ट्यांची टोकं करताना पट्टीच्या मागे काटकोनात कापलेला प्लायचा चौरस तुकडा धरून दोन्ही एकदम ढकलावं. पट्टी तिरकी होत नाही, टोकाला आधार मिळतो, कपची प्लायची उडते आणि हात वीतभर लांब राहतो. चौकट जोडताना पॅनलच्या खोबणीत सरस मात्र लावू नये. पावसाळ्यात फळी फुगते, तिला हलायला जागा हवी.

हात वीतभर लांब, हा नियम सगळीकडेच चालतो आणि तो पाळायचा तर हातांऐवजी दाबणारं दुसरं काहीतरी हवं. फेदरबोर्ड ही त्यासाठीची सर्वांत स्वस्त युक्ती. सरळ तंतूंच्या फळीचं टोक तिरकं कापायचं आणि त्यात करवतीने जवळजवळ काप देऊन लवचिक बोटं तयार करायची. ही बोटं लाकडाला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. एक टेबलावर, बिटच्या थोडं अलीकडे, फेन्सच्या दिशेने दाबणारा; दुसरा फेन्सवर, वरून खाली दाबणारा. दाब कायम राहिला की खाचेची खोलीही कायम राहते. शेवटचा भाग रबरी तळाच्या ठोकळ्याने ढकलावा. लहान तुकड्यांना तर हात लावूच नये: बीडिंग हवं असेल तर रुंद फळीच्या कडेला आकार द्यावा आणि मग ती कड करवतीने कापून घ्यावी. हातमोजेही नकोत, फिरत्या बिटमध्ये धागा गुंतला तर मोज्याबरोबर हात आत जातो.

गोलाकार तुकड्याला फेन्सचा उपयोग नाही. तिथे बेअरिंगवालं बिट लागतं, आणि बिटच्या उजवीकडे टेबलात एक उभी पिन बसवावी लागते. लाकूड आधी पिनला टेकवायचं, मग हळूच बेअरिंगकडे वळवायचं. पिनशिवाय थेट बिटला लावलेलं लाकूड पहिल्या स्पर्शालाच हिसका देतं.

राउटर टेबलाचा माझा सर्वांत आवडता उपयोग मात्र फारसा कुणी करत नाही. रंधा मशीन नसताना फळीची कड सरळ करायची असेल तर फेन्सच्या डाव्या अर्ध्या भागावर 1 एमएमच्या मायकाची पट्टी चिकटवावी. सरळ धारेचं बिट त्या मायकाच्या पृष्ठभागाच्या बरोबर रेषेत आणावं. उजवीकडून येणारी फळी 1 मिलिमीटर कापली जाते आणि तेवढीच पुढे आलेली डावी बाजू तिला आधार देते. मायका लावला नाही तर कापलेली कड अधांतरी राहते आणि शेवटच्या दोन इंचांत बिट आत घुसतं. दोन फळ्यांच्या कडा अशा करून एकमेकींना टेकवल्या की मधून उजेड दिसत नाही.

विजेचा एक धोका आपल्याकडे खास आहे. काम चालू असताना वीज जाते, माणूस बटण तसंच ठेवून चहाला जातो किंवा भोकातला भुसा काढायला बोट घालतो, आणि वीज परत येते. टेबलाखाली टांगलेल्या राउटरचं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवलेलं असतं, त्यामुळे यंत्र आपोआप सुरू होतं. यावर उपाय म्हणजे ‘नो-व्होल्ट रिलीज’ प्रकारचा स्विच. वीज गेली की तो स्वतःहून बंद पडतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत सुरू होत नाही. तो टेबलाच्या पुढच्या अंगाला, न वाकता गुडघ्याने किंवा हाताने बंद करता येईल असा बसवावा. महावितरणच्या भरवशावर यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाने ही खरेदी पहिल्या बिटाच्याही आधी करावी.

कान आणि नाक यांची हानी रक्त न सांडता होते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. राउटरचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलमध्ये आठ तास काम करता येतं, पण दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती अवघ्या 15 मिनिटांवर येते. भुशाचं तर अधिक गंभीर आहे. इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्या बनवणाऱ्या गावाच्या परिसरात फर्निचर कामगारांना नाकाच्या पोकळीतला एक विरळा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो, हे तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं. 1995 मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. शिसवीच्या भुशाने त्वचेवर पुरळ उठतं ते वेगळंच, आणि एमडीएफचा भुसा तर पिठाहून बारीक असतो आणि त्यातल्या चिकटद्रव्यात फॉर्मल्डिहाइड असतं. रुमाल तोंडाला बांधून हे कण अडत नाहीत; एन-95 मास्क हवा. फेन्सच्या मागे बिटला लागूनच व्हॅक्यूमची नळी जोडावी आणि दुसरी टेबलाखाली, कारण खोबण पाडताना वरचा मार्ग फळीने झाकलेला असतो आणि सगळा भुसा खाली, उलट्या टांगलेल्या मोटरच्या तोंडात पडतो. आठवड्यातून एकदा राउटर पट्टीसकट वर काढावा, कॉलेट सोडवून तिच्या खाचांतला भुसा मऊ ब्रशने झाडावा आणि मगच पुढचं बिट बसवावं.